डार्विन नुनेझ : एकाच खेळाडूवरून लिव्हरपूलचे फॅन्स तीन वर्षं का भांडत राहिले?

३१ जानेवारी २०२४. लिव्हरपूलचं मैदान अ‍ॅनफिल्ड. समोर चेल्सी. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून पावणेदोन वाजले होते आणि मुंबई-पुण्यातले लिव्हरपूलचे फॅन्स मोबाइलला डोळे लावून बसले होते.

मॅच लिव्हरपूलने ४-१ अशी आरामात जिंकली. पण मॅच संपल्यावर चर्चा झाली ती ज्याने एकही गोल केला नाही त्या खेळाडूची. डार्विन नुनेझ. त्या एका मॅचमध्ये त्याने मारलेला बॉल चार वेळा गोलपोस्टला किंवा वरच्या बारला लागून परत आला. त्यातला एक तर पेनल्टीचा होता. २००३-०४ पासून प्रीमिअर लीगमध्ये ही नोंद ठेवली जाते, तेव्हापासून एका मॅचमध्ये चार वेळा असं कुणाच्याच बाबतीत झालं नव्हतं.

आणि त्याच मॅचमधला चौथा गोल लुईस डियाझने केला, तो नुनेझनेच दिलेल्या पासवर.

आता याला काय म्हणायचं? चार वेळा चुकला म्हणायचं, की चार वेळा नशिबाने दगा दिला म्हणायचं? की एवढ्या संधी ज्याला मिळतात तोच खरा धोकादायक खेळाडू म्हणायचं? लिव्हरपूलचे फॅन्स या प्रश्नावर २०२२ ते २०२५ अशी तीन वर्षं दोन गटांत विभागलेले होते. नुनेझ क्लब सोडून गेला तरी त्यांचं उत्तर काही एक झालं नाही.

सुरुवात झाली ती किमतीपासून

डार्विन नुनेझ उरुग्वेचा. ब्राझीलच्या सीमेला लागून असलेल्या आर्टिगास शहरातला. घरची परिस्थिती हलाखीची. लहानपणी उपाशीपोटी झोपावं लागायचं, हे त्याने स्वतः मुलाखतींमध्ये सांगितलंय. उरुग्वेच्या पेनारोल क्लबमधून तो स्पेनच्या दुसऱ्या डिव्हिजनमधल्या अल्मेरियात गेला आणि तिथून २०२० मध्ये पोर्तुगालच्या बेनफिकात.

२०२१-२२ च्या सीझनमध्ये त्याने बेनफिकासाठी ३४ गोल केले. त्यातले २६ लीगमधल्या २८ मॅचेसमध्ये. चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलमध्ये बेनफिकाची गाठ लिव्हरपूलशी पडली, तेव्हा दोन्ही मॅचेसमध्ये त्याने गोल मारला. लिव्हरपूलचे मॅनेजर यर्गन क्लॉप त्याच्यावर खूश झाले.

जून २०२२ मध्ये लिव्हरपूलने त्याला विकत घेतलं. सुरुवातीची रक्कम ६.४ कोटी पाउंड, म्हणजे त्यावेळच्या दराने साधारण ६०० कोटी रुपये. शिवाय ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या तर ही रक्कम ८.५ कोटी पाउंडपर्यंत जाणार होती. तेवढी गेली असती, तर बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइकसाठी मोजलेल्या ७.५ कोटी पाउंडचा क्लबचा तेव्हाचा विक्रमही मोडला असता.

त्यात वेळ अशी की त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलचा लाडका सादियो माने बायर्न म्युनिकला गेला. आणि त्याच उन्हाळ्यात कट्टर स्पर्धक मँचेस्टर सिटीने अर्लिंग हालँडला आणलं, तेही ५.१ कोटी पाउंडच्या रिलीज क्लॉजवर. म्हणजे नुनेझच्या सुरुवातीच्या रकमेपेक्षाही कमी पैशात.

त्यामुळे नुनेझने मैदानात पाऊल टाकण्याआधीच त्याच्यासमोर दोन मोजपट्ट्या ठेवलेल्या होत्या. जाणारा माने आणि शेजारचा हालँड.

पहिला गट म्हणायचा, गोल कुठे आहेत?

सुरुवात झकास झाली. ३० जुलै २०२२ ला कम्युनिटी शील्डमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध त्याने गोल केला, एक पेनल्टीही मिळवून दिली आणि लिव्हरपूलने ३-१ ने मॅच मारली. त्या दिवशी हालँडला गोल करता आला नव्हता. सोशल मीडियावर हालँडची खिल्ली आणि नुनेझचे मीम्स सुरू झाले.

पण १५ ऑगस्टला अ‍ॅनफिल्डवरच्या लीगमधल्या पहिल्याच मॅचमध्ये त्याने क्रिस्टल पॅलेसच्या योआकिम अँडरसनला डोकं मारलं. रेड कार्ड आणि तीन मॅचेसची बंदी.

तो सीझन संपला तेव्हा हालँडच्या नावावर लीगमध्ये ३६ गोल होते, एका सीझनमधला प्रीमिअर लीगचा विक्रम. नुनेझचे होते ९.

पुढच्या सीझनला ११ झाले. त्याच्या पुढच्या सीझनला फक्त ५. म्हणजे तीन सीझनमध्ये लीगच्या ९५ मॅचेस आणि २५ गोल. सगळ्या स्पर्धा धरून १४३ मॅचेस आणि ४० गोल.

पहिल्या गटाचं म्हणणं सरळ होतं. स्ट्रायकरचं काम गोल मारणं. एवढी किंमत मोजून आणलेला स्ट्रायकर लीगमध्ये सरासरी चार मॅचेसमागे एक गोल करत असेल, तर तो कितीही पळो, कितीही घाम गाळो, सौदा फसला. त्यात तो सारखा ऑफसाइडमध्ये सापडायचा आणि सोप्या संधी घालवायचा. विरोधी संघांचे फॅन्स त्याला अँडी कॅरोलच्या नावाने चिडवायचे. २०११ मध्ये ३.५ कोटी पाउंडला आणलेला कॅरोल लिव्हरपूलसाठी ५८ मॅचेसमध्ये ११ गोल करू शकला होता, हे त्या चिडवण्यामागचं कारण.

दुसरा गट म्हणायचा, स्कोअरकार्ड नको, मॅच बघा

दुसऱ्या गटाकडेही पुरावे होते आणि तेही तगडे.

५ मार्च २०२३ ला लिव्हरपूलने मँचेस्टर युनायटेडला ७-० ने धुतलं. त्यात नुनेझचे दोन गोल.

२७ ऑगस्ट २०२३ ला न्यूकॅसलच्या मैदानावर लिव्हरपूल ०-१ ने मागे होतं. कॅप्टन व्हॅन डाइकला रेड कार्ड मिळाल्याने संघ दहा जणांवर आला होता. नुनेझ बदली खेळाडू म्हणून आला, शेवटच्या टप्प्यात दोन गोल मारले आणि २-१ ने मॅच काढून दिली.

२ मार्च २०२४ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध ९९ व्या मिनिटाला त्याने मॅचमधला एकमेव गोल केला.

१८ जानेवारी २०२५ ला ब्रेंटफर्डविरुद्ध ९० मिनिटं ०-० होतं. नुनेझने इंज्युरी टाइममध्ये दोन गोल मारले. त्याच दिवशी पाठलाग करणाऱ्या आर्सेनलने अ‍ॅस्टन व्हिलाशी बरोबरी साधून दोन पॉइंट घालवले. त्या सीझनला लिव्हरपूलने लीग जिंकली, तेव्हा या दिवसाची आठवण अनेकांनी काढली.

दुसरा गट म्हणायचा, हा माणूस मैदानात आला की समोरचा बचाव हादरतो. तो पळतो, धडक मारतो, जागा तयार करतो, त्याचा फायदा मोहम्मद सलाहला आणि डियाझला होतो. २०२३-२४ मध्ये त्याने लीगमध्ये ११ गोल तर केलेच, शिवाय आठ असिस्टही दिले. अ‍ॅनफिल्डवर त्याच्या नावाचं गाणं शेवटपर्यंत जोरात म्हटलं जायचं.

आणि इथे खरी मेख आहे. पहिला गट खेळाडूला किमतीच्या तराजूत तोलत होता आणि दुसरा गट मॅच बघताना काय वाटतं त्या तराजूत. दोन्ही तराजू खरे. पण वजनं वेगळी असल्यामुळे दोघांचा हिशोब कधी जुळणारच नव्हता.

मग आकडे कुणाच्या बाजूने होते?

फुटबॉलमध्ये आता ‘एक्सजी’ म्हणजे अपेक्षित गोल नावाचा आकडा सर्रास वापरला जातो. बॉल कुठून मारला, कोणत्या कोनातून मारला, यावरून त्या शॉटवर गोल होण्याची शक्यता किती होती हे काढलं जातं. दहापैकी तीन वेळा गोल होतो अशा जागेवरून शॉट मारला, तर तो ०.३. असे सगळे शॉट मिळवले की खेळाडूकडून किती गोल अपेक्षित होते ते कळतं.

नुनेझच्या बाबतीत हा आकडा दोन्ही गटांनी एकमेकांच्या तोंडावर फेकला. कारण अपेक्षित गोलांमध्ये तो चांगला वर असायचा, पण प्रत्यक्ष गोल त्यापेक्षा कमी. एक गट म्हणायचा, ‘बघा, संधी किती मिळवतो.’ दुसरा म्हणायचा, ‘बघा, वाया किती घालवतो.’

यात गंमत म्हणजे २०२३-२४ च्या सीझनमध्ये मोठ्या संधी सर्वात जास्त हुकवणाऱ्यांच्या यादीत नुनेझ पहिला नव्हता. पहिला होता हालँड. नुनेझ त्याच्या खालोखाल.

हे क्रिकेटच्या उदाहरणाने पटकन कळेल. स्लिपमधला फिल्डर डीप पॉइंटच्या फिल्डरपेक्षा जास्त कॅच सोडतो, कारण कॅच त्याच्याकडेच जास्त जातात. त्यामुळे संधी हुकवणं हा एकट्याने दोष ठरत नाही, उलट योग्य जागी पोहोचण्याची ती खूण असते.

फरक एवढाच, की हालँडने एवढ्या संधी हुकवूनही त्या सीझनला लीगमध्ये २७ गोल मारले आणि नुनेझने ११. म्हणजे आकडे सांगत होते की योग्य जागी पोहोचण्याची कला नुनेझकडे आहे. शेवटच्या क्षणी डोकं शांत ठेवून बॉल जाळ्यात घालण्यात तो कमी पडतोय.

शिवाय बेनफिकाचं फुटबॉल आणि लिव्हरपूलचं फुटबॉल यातही फरक होता. नुनेझची ताकद म्हणजे मोकळ्या जागेत वेगाने धावणं. पण लिव्हरपूलविरुद्ध बरेच संघ आपल्या गोलजवळ गर्दी करून उभे राहतात. तिथे मोकळी जागाच नसते. तिथे लागतो पहिला टच आणि थंड डोकं. उरुग्वेकडून मार्सेलो बिएल्सा यांच्या हाताखाली वर्ल्ड कप पात्रता फेरीत हाच नुनेझ ब्राझीलविरुद्ध गोल मारत होता, अर्जेंटिनाविरुद्धही मारत होता. माणूस तोच, खेळायची पद्धत वेगळी.

परका देश, परकी भाषा आणि हातातला मोबाइल

नुनेझ इंग्लंडमध्ये आला तेव्हा २२ वर्षांचा होता आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं. पहिल्याच सीझनमध्ये त्याने एका मुलाखतीत सांगून टाकलं होतं की क्लॉप टीमशी बोलतात तेव्हा आपल्याला काही समजत नाही, नंतर सहकाऱ्यांना विचारावं लागतं.

परदेशी खेळाडूच्या बाबतीत फॅन्स ही गोष्ट पटकन विसरतात. किंमत मोजली की दुसऱ्या दिवसापासून गोल हवेत असतात. पण तो माणूस नवीन देशात, नवीन हवामानात, न कळणाऱ्या भाषेत काम करत असतो. कुणी चार महिन्यांत रुळतो, कुणाला दोन वर्षं लागतात, कुणी कधीच रुळत नाही.

त्यात भर पडली सोशल मीडियाची. नुनेझने संधी हुकवली की दहा सेकंदांची क्लिप तयार. त्या क्लिपवर विरोधी फॅन्स हसायचे, लिव्हरपूलचा पहिला गट वैतागायचा आणि दुसरा गट दोघांशी भांडायचा. क्लिपला व्ह्यूज मात्र तिघांकडूनही मिळायचे. त्याने ८० मिनिटं केलेली धावपळ दहा सेकंदांत बसत नाही, हुकवलेला गोल मात्र बरोबर बसतो.

मे २०२४ मध्ये नुनेझने आपल्या इन्स्टाग्रामवरून लिव्हरपूलचे फोटो काढून टाकले. त्याआधी त्याच्या पोस्टखाली शिव्यांचा पाऊस पडत होता. अशा कमेंट्सचा आपल्यावर परिणाम होतो, हे त्याने नंतर मान्यही केलं.

आता विचार करा. ज्या खेळाडूची अडचणच मुळी शेवटच्या क्षणी डोकं शांत ठेवण्याची आहे, त्याला रोज शिव्या घालून काय साधणार? एकदा संधी हुकली की पुढच्या संधीला मनात मागची क्लिप असते. स्ट्रायकरचं निम्मं काम पायाने होतं, निम्मं आत्मविश्वासाने. क्लबने सहाशे कोटी ज्या गोष्टीसाठी मोजले, तिचंच नुकसान क्लबवर प्रेम करणाऱ्या लोकांकडून होत होतं.

अर्थात, नुनेझचाही तोल जायचा. जुलै २०२४ मध्ये कोपा अमेरिकाच्या सेमीफायनलमध्ये उरुग्वे कोलंबियाकडून हरला. त्यानंतर तो थेट स्टँडमध्ये शिरला आणि तिथल्या हाणामारीत सापडला. तिथे बसलेल्या आपल्या कुटुंबीयांना वाचवायला खेळाडू धावले, असं उरुग्वेच्या बाजूने सांगण्यात आलं. त्याच्यावर पाच आंतरराष्ट्रीय मॅचेसची बंदी आली.

स्लॉट आले आणि खुर्ची बेंचवर गेली

२०२४ च्या उन्हाळ्यात क्लॉप गेले, आर्ने स्लॉट आले. क्लॉप यांच्या फुटबॉलमध्ये गोंधळ आणि वेग यांना जागा होती. स्लॉट यांना बॉलवर ताबा आणि शिस्त हवी होती. स्ट्रायकरच्या जागेवर ते डिओगो जोटाला किंवा डियाझला खेळवू लागले. नुनेझ बेंचवर.

१९ फेब्रुवारी २०२५ ला अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध स्कोअर २-२ असताना समोर मोकळा गोल होता आणि नुनेझने बॉल वरून मारला. मॅच बरोबरीत सुटली. नंतर स्लॉट यांनी जाहीरपणे जे सांगितलं, त्याचा आशय असा होता की संधी हुकणं चालू शकतं, पण हुकल्यानंतर खेळाडू खचून गेला आणि मेहनत कमी केली, हे चालणार नाही.

हा मुद्दा महत्त्वाचा होता. कारण दुसऱ्या गटाचा सगळा युक्तिवाद ‘गोल नसले तरी जीव तोडून खेळतो’ यावर उभा होता. मॅनेजरनेच नेमक्या त्या खांबाला हात घातला.

मार्चमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये पीएसजीशी गाठ पडली. पॅरिसमध्ये शेवटच्या मिनिटांत हार्वी एलियटने गोल मारला, पास नुनेझचा. लिव्हरपूल १-० ने जिंकलं. सहा दिवसांनी अ‍ॅनफिल्डवर पीएसजीने १-० ने हिशोब चुकता केला. पेनल्टी शूटआऊटमध्ये जियानलुइजी डोनारुम्माने नुनेझची आणि कर्टिस जोन्सची पेनल्टी अडवली. लिव्हरपूल बाहेर.

एका आठवड्यात हिरो आणि व्हिलन. त्याच्या तीन वर्षांचा सारांश या दोन मॅचेसमध्ये आला.

हिशोबाची वही वेगळंच सांगते

ऑगस्ट २०२५ मध्ये लिव्हरपूलने नुनेझला सौदी अरेबियाच्या अल हिलालला विकलं. रक्कम साधारण ४.६ कोटी पाउंड. पहिला गट म्हणाला, ‘बघा, तोटा झाला.’

पण क्लबच्या वहीत हा हिशोब असा मांडला जात नाही. खेळाडूची किंमत त्याच्या करारातल्या वर्षांवर वाटली जाते. नुनेझचा करार सहा वर्षांचा होता. सुरुवातीचे ६.४ कोटी सहा वर्षांवर वाटले, तर दर वर्षी साधारण १.०७ कोटी. तीन वर्षांनी वहीत त्याची शिल्लक किंमत राहते ३.२ कोटी. ज्या अटींवर वाढीव पैसे द्यायचे होते ते बाजूला ठेवले, तर ३.२ कोटी शिल्लक असलेला खेळाडू ४.६ कोटींना गेला. म्हणजे वहीत तोटा दिसतच नाही.

खिशातून गेलेले आणि परत आलेले पैसे बघितले तर तोटा. वही बघितली तर नाही. इथेही दोन तराजू.

हे काही पहिल्यांदा झालेलं नाही

जानेवारी २०११ मध्ये चेल्सीने लिव्हरपूलकडूनच स्पेनच्या फर्नांडो टोरेसला ५ कोटी पाउंडला घेतलं होतं, तेव्हाचा ब्रिटिश विक्रम. लीगच्या ११० मॅचेसमध्ये त्याने २० गोल केले. सौदा फसला, असं बहुतेक जण म्हणतात. पण एप्रिल २०१२ मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलमध्ये इंज्युरी टाइमला मारलेला त्याचा गोल चेल्सीचे फॅन्स आजही विसरत नाहीत. त्याच वर्षी चेल्सीने ती स्पर्धा पहिल्यांदा जिंकली.

दुसरं उदाहरण उलट आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये आर्सेनलचा कॅप्टन, स्वित्झर्लंडचा ग्रॅनिट झाका, मैदानाबाहेर जात असताना त्याच्याच फॅन्सनी त्याची हुर्यो उडवली. त्याने जर्सी काढून टाकली, कॅप्टनपद गेलं. सगळ्यांना वाटलं, विषय संपला. पण मॅनेजर मिकेल आर्टेटा यांनी त्याला थांबवलं. २०२२-२३ पर्यंत तेच फॅन्स त्याच्या नावाने गाणी म्हणत होते. पुढे तो जर्मनीत लेव्हरकुसेनला गेला आणि २०२३-२४ मध्ये एकही मॅच न हरता बुंडेसलीगा जिंकणाऱ्या त्या संघाचा कणा ठरला.

झाकाला वेळ मिळाला आणि जागाही त्याच्या खेळाला साजेशी मिळाली. नुनेझला वेळ मिळाला, पण दुसरा मॅनेजर आला तेव्हा जागा उरली नाही.

भांडण संपलं का?

नाही. नुनेझ गेला त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलने जर्मनीच्या फ्लोरियन विर्ट्झसाठी १० कोटी पाउंड मोजले आणि वर आणखी रकमेच्या अटी ठेवल्या. सुरुवातीचे काही महिने लीगमध्ये त्याच्याकडून गोल आला नाही आणि तेच दोन गट पुन्हा समोरासमोर उभे राहिले. एक म्हणे पैसे पाण्यात, दुसरा म्हणे खेळ बघा.

त्यामुळे पुढच्या वेळी कुठल्याही क्लबच्या महागड्या परदेशी खेळाडूवरून वाद दिसला, तर तीन प्रश्न वेगळे करून बघता येतात. त्याची किंमत जास्त होती का? तो वाईट खेळतोय का? आणि त्याला चुकीच्या पद्धतीने खेळवलं जातंय का?

नुनेझच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर होतं ‘हो’. दुसऱ्याचं ‘कधी कधी’. तिसऱ्याचं ‘बऱ्याचदा’. यातली पहिली आणि तिसरी गोष्ट त्याच्या हातात नव्हती. किंमत दोन क्लबांनी ठरवली आणि पद्धत मॅनेजरने. शिव्या मात्र तिन्हींच्या त्यालाच पडल्या.